विजेचा हमीभाव

1990 सालच्या शरदात बॉनच्या संसदेपुढे एकच मोठा विषय होता: दोन जर्मनींचं एकीकरण. त्या धामधुमीत जेमतेम पाच कलमांचा एक कायदा मंजूर झाला. तो कोणत्या विजेला लागू आहे हे पहिल्या कलमात होतं, दुसऱ्यात खरेदीची सक्ती, तिसऱ्यात भाव, चौथ्यात अपवाद आणि पाचव्यात अंमलाची तारीख: 1 जानेवारी 1991. वारा, ऊन, वाहतं पाणी किंवा जैविक कचरा यांपासून कोणी वीज तयार केली, तर त्या भागातल्या वीज कंपनीने ती विकत घेतलीच पाहिजे. आणि वाऱ्याच्या व उन्हाच्या विजेला ग्राहकांकडून वसूल होणाऱ्या सरासरी दराच्या निदान 90 टक्के भाव दिलाच पाहिजे. कायद्याचा सारा आशय एवढाच.

शेतमालाच्या हमीभावासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या महाराष्ट्राला या कायद्याचं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. पवनचक्कीचा आणि सौरपट्ट्यांचा जवळजवळ सगळा खर्च आधी करावा लागतो. नंतर वारा फुकट, ऊन फुकट. त्यामुळे अशा विजेच्या किमतीत भांडवलावरच्या व्याजाचा वाटा फार मोठा असतो, आणि व्याज ठरतं जोखमीवरून. पुढची वीस वर्षं काय भाव मिळणार हे बँकेला ठाऊक असेल तर कर्ज स्वस्त मिळतं. कर्ज स्वस्त झालं की वीजही स्वस्त पडते.

आज युरोपात अपारंपरिक विजेला आधार देणाऱ्या डझनावारी योजना आहेत: हमीभाव, प्रमाणपत्रं, लिलाव, फरकाचे करार. त्यांची तुलना बहुतेक वेळा कोणता देश युनिटमागे किती सेंट देतो या तक्त्यापाशी येऊन थांबते. माझ्या मते तो तक्ता फार थोडं सांगतो. भाव पडला तर तोटा कोणी सोसायचा, पैसा कोणाच्या खिशातून यायचा आणि या धंद्यात शिरायला कोणाला वाव आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या देशाने जशी दिली तसं त्याचं पुढचं घडलं. त्या उत्तरांचा हा मागोवा.

डेन्मार्क: सुतार, शिक्षक आणि शेजारी

1973 साली अरब देशांनी तेलाची कोंडी केली तेव्हा डेन्मार्कची सुमारे 90 टक्के ऊर्जा आयात तेलावर चालत होती. या देशाला वाऱ्यापासून वीज काढण्याची जुनी परंपरा होती. आस्कोव्ह इथल्या लोकशाळेत पॉल ला कूर या शिक्षकाने 1891 पासून त्याचे प्रयोग केले होते. त्याचा विद्यार्थी योहानेस यूल याने 1957 मध्ये गेडसरला 200 किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली होती. स्वस्त तेलाच्या काळात ती बंद पडली.

तेलाची टंचाई आली आणि लोकांनी हा धागा पुन्हा हाती घेतला. क्रिस्तियन रीसागर नावाच्या सुताराने यूलच्या नमुन्यावरून घरच्या घरी छोटी पवनचक्की घडवली आणि ती थेट विजेच्या जाळ्याला जोडली. पश्चिम किनाऱ्याजवळच्या ट्विंड इथल्या शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी 1975 ते 1978 या तीन वर्षांत 2 मेगावॉटची पवनचक्की उभी केली. जगात तेव्हा तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती.

सरकारने या उत्साहाला 1979 मध्ये आधार दिला: पवनचक्कीच्या किमतीच्या 30 टक्के अनुदान. अट अशी की यंत्र रीसो इथल्या चाचणी केंद्राने मान्य केलेलं हवं. त्यामुळे अनुदानाच्या लोभाने कसलीही यंत्रं बाजारात आली नाहीत. गावकरी एकत्र येऊन पवनचक्कीचे हिस्से घेत आणि तशी सहकारी मंडळं शेकड्यांनी निघाली. हिस्सा कोणी घ्यावा यावर निर्बंध होता: माणूस त्याच परिसरातला असला पाहिजे. ज्यांच्या घरावरून पात्यांची सावली फिरणार, त्यांनाच नफा मिळणार. 1985 मध्ये डॅनिश संसदेने अणुऊर्जा आपल्या योजनेतून काढून टाकली. पुढे कायद्याने विजेचा भावही किरकोळ दराच्या 85 टक्क्यांना बांधला गेला.

याच काळात अमेरिकेत दुसरा प्रयोग चालू होता. 1978 च्या तिथल्या कायद्याने लहान उत्पादकांची वीज घेणं कंपन्यांना सक्तीचं केलं. ती वीज कंपनीने स्वतः तयार केली असती तर जो खर्च आला असता, तो तिचा भाव. कॅलिफोर्नियाने त्यावर दीर्घ मुदतीचे करार आणि करसवलती दिल्या आणि हजारो डॅनिश पवनचक्क्या बोटीतून तिकडे रवाना झाल्या. 1985 अखेर करसवलत संपली, मागणी एका फटक्यात आटली आणि 1986 मध्ये व्हेस्टाससकट अनेक डॅनिश कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. तरीही डेन्मार्कमध्ये पवनचक्क्या लागत राहिल्या, कारण तिथली मागणी एका करसवलतीवर उभी नव्हती. 

पाच कलमांची करामत

जर्मनीत 1986 च्या चेर्नोबिल अपघाताने हवा बदलली होती. पण पाच कलमांच्या कायद्यामागचा तातडीचा रेटा निराळ्या दिशेने आला. बव्हेरियातल्या ओढ्यानाल्यांवर छोटी जलविद्युत केंद्रं चालवणाऱ्यांना मोठ्या वीज कंपन्या मातीमोल भाव देत. त्यांची बाजू मांडणारे मथियास एंगेल्सबर्गर हे सत्ताधारी आघाडीतल्या ख्रिस्ती सामाजिक पक्षाचे खासदार होते, आणि त्यांना साथ दिली ग्रीन पक्षाच्या वोल्फगांग डॅनियल्स यांनी. ग्रीन पक्षाबरोबर उघडपणे ठराव मांडणं सत्ताधाऱ्यांना मानवणारं नव्हतं, म्हणून विधेयक सत्ताधाऱ्यांच्याच नावाने आलं. मोठ्या वीज कंपन्यांचं सारं लक्ष पूर्व जर्मनीतली वीजव्यवस्था ताब्यात घेण्याकडे होतं. चार-दोन ओढ्यांच्या विजेने आपल्याला काय फरक पडणार, असा त्यांचा अंदाज होता.

अंदाज चुकला तो वाऱ्याबाबत. 1990 मध्ये जर्मनीत 100 मेगावॉटच्याही पवनचक्क्या नव्हत्या. 1999 अखेर त्या 4,400 मेगावॉटच्या झाल्या. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे शेतकरी बँकेकडे जात, कायद्याने ठरलेला भाव दाखवत आणि कर्ज घेऊन येत.

उन्हाच्या विजेला मात्र या कायद्याचा काही उपयोग नव्हता. भाव मिळे युनिटला सुमारे 17 फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क) आणि ती वीज तयार करायला खर्च येई दोन मार्कच्या आसपास. हे कोडं सुटलं शहरांच्या पातळीवर. आखेन शहरात वोल्फ फॉन फाबेक यांनी 1986 मध्ये सौर ऊर्जेच्या प्रसारासाठी संस्था काढली होती. त्यांची मागणी सरळ होती: जेवढा खर्च येतो तेवढा भाव द्या. युनिटला दोन मार्क, वीस वर्षांसाठी, आणि तो बोजा शहरातल्या सगळ्या ग्राहकांच्या बिलांवर थोडाथोडा वाटा. बिलातली वाढ एक टक्क्यापेक्षा जास्त होता कामा नये. नगरपालिकेने 1992 मध्ये हे मान्य केलं, पण वीज कंपनी आणि दरनियामकांशी वाद घालण्यात आणखी काही वर्षं गेली. दरम्यान 1993 मध्ये बव्हेरियातल्या फ्रायझिंग आणि हामेलबुर्ग या लहान शहरांनी आघाडी घेतली. हामेलबुर्गच्या नगरपालिकेत हा आग्रह धरणारे नगरसेवक होते ग्रीन पक्षाचे हान्स-योसेफ फेल.

फेल पुढे खासदार झाले. समाजवादी लोकशाही पक्षाचे हर्मान शेअर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जो कायदा लिहिला, तो 1 एप्रिल 2000 पासून लागू झाला. 1998 मध्ये वीजबाजार खुला झाल्यावर किरकोळ दर घसरले होते आणि त्यांच्या टक्केवारीला बांधलेला हमीभावही त्यांच्याबरोबर घसरत होता. म्हणून नव्या कायद्याने टक्केवारी सोडली आणि प्रत्येक तंत्राला रोख भाव ठरवून दिला: उन्हाच्या विजेला 99 फेनिग, म्हणजे सुमारे 51 सेंट, वीस वर्षं कायम. त्यात एक शहाणपणाची तरतूद होती. दर वर्षी नव्याने येणाऱ्या प्रकल्पाला आधीच्या वर्षापेक्षा कमी भाव मिळणार. सौर विजेला 2002 पासून ही घट वर्षाला पाच टक्के. ज्याला वचन दिलं त्याचा भाव हलणार नाही, आणि जो उशिरा येईल त्याने यंत्र स्वस्त करून यावं.

खर्चाच्या वाटणीचा घोळही याच कायद्याने मिटवला. जुन्या कायद्यात जिथे वारा जास्त तिथल्या कंपनीवर बोजा जास्त पडे. नव्या कायद्याने तो देशभरच्या ग्राहकांवर सारखा पसरला. जुन्या व्यवस्थेविरुद्ध किनारी भागातली प्रॉयसनइलेक्ट्रा ही बडी कंपनी न्यायालयात गेली होती. तिचं म्हणणं, ही छुपी सरकारी मदत आहे आणि युरोपीय कायद्यात तिला मनाई आहे. युरोपीय न्यायालयाने 13 मार्च 2001 रोजी निकाल दिला: पैसा खाजगी कंपन्यांकडून खाजगी उत्पादकांकडे जातो, सरकारी तिजोरीतून काही जात नाही, सबब ही सरकारी मदत नव्हे. या निकालाने हमीभावाला युरोपभर वाट मोकळी झाली.

ब्रिटन आणि स्वीडन: बाजारावर भिस्त

ब्रिटनने त्याच वर्षी, 1990 मध्ये, उलट टोकापासून सुरुवात केली. वीज कंपन्यांचं खाजगीकरण होत होतं आणि अणुभट्ट्या कोणी विकत घेईना. त्यांना जगवण्यासाठी कोळसा-वायूच्या विजेवर कर बसवला गेला. त्यातलाच एक छोटा वाटा अपारंपरिक विजेला मिळाला, आणि तो मिळवण्यासाठी लिलाव: जो सर्वांत कमी भाव मागेल त्याला करार. 1990 ते 1998 मध्ये अशा पाच फेऱ्या झाल्या. कागदावर भाव झपाट्याने उतरले. जमिनीवर मात्र करार झालेल्या क्षमतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा उभा राहिला. प्रकल्प न उभारणाऱ्याला दंड नव्हता, म्हणून लोक अशक्य भाव मागून करार खिशात घालत आणि यंत्रं स्वस्त होण्याची वाट बघत बसत.

2002 मध्ये ब्रिटनने रीत बदलली. प्रत्येक वीजपुरवठादाराने ठरावीक टक्के हरित वीज विकलीच पाहिजे; तिचा पुरावा म्हणजे प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रांची खुली खरेदी-विक्री. पुरेशी प्रमाणपत्रं नसतील तर सुरुवातीच्या दराने मेगावॉट-तासाला 30 पौंड भरायचे. कल्पना आकर्षक होती, कारण भाव सरकार ठरवणार नव्हतं. अडचणही तीच होती. उत्पादकाला विजेच्या भावाची खात्री नाही आणि प्रमाणपत्राच्या भावाचीही नाही. ही दुहेरी जोखीम मोठ्या कंपन्या पेलू शकल्या. शेतकरी आणि गावमंडळं त्या वाटेला गेली नाहीत. युरोपातला उत्तम वारा ब्रिटनच्या वाट्याला आला आहे, तरी 2010 अखेर तिथे सुमारे 5,000 मेगावॉटच्या पवनचक्क्या होत्या आणि जर्मनीत 27,000 मेगावॉटच्या. युरोपीय आयोग आधी प्रमाणपत्रांच्या बाजूला झुकलेला होता. 2005 च्या अहवालात त्यालाही मान्य करावं लागलं की वाऱ्याच्या विजेसाठी हमीभावाचे देश जास्त परिणामकारक ठरले आहेत.

स्वीडनने 2003 मध्ये प्रमाणपत्रांची पद्धत आणली आणि 2012 पासून नॉर्वे तिच्यात सामील झाला. दोन देशांची मिळून एकच बाजारपेठ, हे युरोपातलं दुर्मीळ उदाहरण. ठरवलेलं उद्दिष्ट मुदतीआधी पुरं झालं, पण शेवटी प्रमाणपत्रं एवढी झाली की त्यांचा भाव कवडीमोल झाला. ज्यांनी सुरुवातीच्या भावावर हिशेब मांडून गुंतवणूक केली होती त्यांचं नुकसान झालं. ग्राहकाला ही पद्धत स्वस्त पडली, कारण भावाची सगळी जोखीम उत्पादकाने उचलली होती.

स्पेन: मोडलेलं वचन

हमीभावाला सर्वांत मोठा धक्का बसला तो स्पेनमध्ये. 2007 च्या आदेशाने 100 किलोवॉटपर्यंतच्या सौर प्रकल्पांना युनिटला सुमारे 44 सेंट भाव मिळाला. ऊन तुमचंही होऊ शकतं, अशा अर्थाची जाहिरात सरकारी ऊर्जा संस्थेनेच केली. शिक्षक, दुकानदार, निवृत्त लोक यांनी घरावर कर्ज काढून सौर मळ्यांमध्ये हिस्से घेतले. मोठ्या प्रकल्पाचे 100 किलोवॉटचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेका कुटुंबाला विकायचा, अशी ही रचना. भाव वर्षागणिक उतरवण्याची जर्मन शिस्त इथे नव्हती. सौर विजेचं उद्दिष्ट सुमारे 400 मेगावॉटचं होतं; एकट्या 2008 मध्ये 2,600 मेगावॉटहून अधिक पट्ट्या बसल्या.

दुसरी चूक जास्त खोल होती. निवडणुका डोळ्यांपुढे ठेवून सरकारं वीजबिल खर्चापेक्षा कमी ठेवत आली होती. खर्च आणि वसुली यांतला फरक वीज कंपन्यांचं देणं म्हणून साठत गेला आणि 25 अब्ज युरोंच्या पलीकडे गेला. या देण्याला एकटी सौर वीज कारणीभूत नव्हती, पण 2008 च्या मंदीनंतर कुऱ्हाड तिच्यावर पडली. 2010 मध्ये वर्षाकाठी किती तासांच्या विजेला हमीभाव मिळेल यावर मर्यादा आली. 2012 मध्ये नव्या प्रकल्पांची मदत बंद झाली. 2013 मध्ये जुना हमीभावच रद्द झाला आणि त्याच्या जागी 'वाजवी नफा' आला. तो किती, हे सरकार ठरवणार, आणि चालू प्रकल्पांनाही तो लागू.

परदेशी गुंतवणूकदार ऊर्जा सनदेच्या करारावर बोट ठेवून आंतरराष्ट्रीय लवादांकडे गेले. स्पेनविरुद्ध निकालांमागून निकाल लागले आणि त्यांची एकूण रक्कम एक अब्ज युरोंच्या पुढे गेली. स्पेनने 2024 मध्ये त्या करारातूनच अंग काढून घेतलं. ज्या स्पॅनिश कुटुंबांनी सरकारी जाहिरातीवर विश्वास ठेवून घरं गहाण टाकली होती, त्यांना मात्र त्या लवादांचा दरवाजा बंद होता. तो करार परदेशी भांडवलासाठी होता, स्वदेशी नागरिकासाठी नव्हता. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. चेक प्रजासत्ताकातही असंच घडलं: 2010 पर्यंत सौर क्षमता दोन-तीन वर्षांत सुमारे 2,000 मेगावॉटवर गेली आणि 2011 पासून त्या उत्पन्नावर 26 टक्के कर बसला. इटलीनेही 2014 मध्ये चालू प्रकल्पांच्या भावाला हात घातला. एकदा सरकारने शब्द फिरवला की पुढच्या प्रत्येक कर्जाच्या व्याजात त्या अविश्वासाची किंमत मिसळली जाते. ती पुढचे सगळे ग्राहक भरतात.

जर्मनीच्या बिलातला आकडा

जर्मनीने शब्द पाळला. त्याची किंमत वीजबिलावर अधिभार म्हणून छापून येत राहिली. पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांनी 2004 मध्ये सांगितलं होतं की एका घरावर महिन्याला साधारण एक युरोचा, म्हणजे आइस्क्रीमच्या एका गोळ्याएवढा, बोजा पडेल. 2014 मध्ये अधिभार युनिटला 6.24 सेंट झाला. वर्षाला 3,500 युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब केला तर महिन्याला 18 युरोंच्या वर.

असं का झालं ते जवळून बघण्यासारखं आहे. हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक म्हणजे अधिभार. समजा हमी 10 सेंटची आहे आणि बाजारात 5 सेंट मिळतात, तर फरक 5. आता भर दुपारी ऊन आणि वारा दोन्ही जोरात आहेत, फुकटच्या विजेने बाजारभाव 3 सेंटवर आणला, तर फरक होतो 7. म्हणजे हरित विजेने बाजार स्वस्त केला की बिलावरचा हरित अधिभार वाढतो. बाजारात स्वस्त वीज घेणारे मोठे कारखाने अधिभारातून बहुतांशी मोकळे होते. त्यांचा वाटा घरांनी आणि लहान दुकानांनी उचलला. खर्च खरा होता. पण तो कोणी भरायचा हा निर्णय राजकीय होता, आणि त्याचा दोष सौरपट्ट्यांच्या माथी मारला गेला.

या पैशातून काय झालं तेही सांगितलं पाहिजे. जर्मनीच्या मागणीवर चीनमधले कारखाने वाढले आणि 2010 ते 2020 या दहा वर्षांत सौर विजेचा खर्च जगभरात सुमारे 85 टक्क्यांनी उतरला. शिवाय 2012 च्या सुमारास जर्मनीतली जवळजवळ निम्मी हरित क्षमता नागरिक आणि शेतकऱ्यांच्या मालकीची होती. जर्मन घरांनी जे जास्तीचे युरो भरले त्याचा लाभ राजस्थानपासून चिलीपर्यंत पोचला. अधिभार 1 जुलै 2022 पासून रद्द झाला आणि तो खर्च सरकारी तिजोरीतून होऊ लागला. 2023 मध्ये जर्मनीत वापरलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज हरित होती.

पुन्हा लिलाव, पुन्हा धडा

2014 मध्ये युरोपीय आयोगाने सरकारी मदतीचे नवे नियम काढले आणि 2017 पासून नव्या मोठ्या प्रकल्पांना लिलावाची वाट धरावी लागली. जर्मनीने त्या वर्षी वाऱ्याचे लिलाव सुरू केले आणि नागरिकांच्या मंडळांना सवलत दिली: परवाने नंतर आणा, मुदतही जास्त घ्या. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत 90 टक्क्यांहून अधिक करार अशा मंडळांना गेले. त्यांतल्या कित्येकांच्या मागे मोजक्या विकासक कंपन्या होत्या आणि बहुतेक प्रकल्प उभेच राहिले नाहीत. सवलत मागे घ्यावी लागली. 2017 मध्ये जमिनीवर 5,000 मेगावॉटहून अधिक पवनचक्क्या लागल्या होत्या. 2019 मध्ये हा आकडा जेमतेम 1,000 झाला. परवान्यांची रखडपट्टी हेही त्याचं कारण होतं, पण ब्रिटनने नव्वदच्या दशकात भोगलेला धडा जर्मनीने नव्याने गिरवला.

ब्रिटन तोवर वेगळ्या वाटेने हमीभावापाशी पोचला होता. 2013 च्या कायद्याने तिथे फरकाचा करार आला. लिलावात ठरावीक भाव पक्का होतो, समजा मेगावॉट-तासाला 57.50 पौंड. बाजारात 40 मिळाले तर उरलेले 17.50 उत्पादकाला मिळतात. बाजार 200 वर गेला तर वरचे 142.50 उत्पादकाने परत करायचे आणि ते ग्राहकांच्या बिलातून वजा व्हायचे. दोघांनाही भावाची हमी. युक्रेन युद्धाच्या काळात विजेचे भाव भडकले तेव्हा ही परतफेड प्रत्यक्षात घडली. समुद्रातल्या वाऱ्याचा ठरलेला भाव, 2012 च्या किमतीत मोजला तर, पहिल्या फेरीतल्या 114 ते 120 पौंडांवरून 2022 पर्यंत 37.35 पौंडांवर आला.

आता मदतीची गरजच उरली नाही, असं तेव्हा वाटू लागलं. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये समुद्री प्रकल्पांसाठी शून्य मदतीच्या बोली आल्या. डेन्मार्कच्या थोर प्रकल्पासाठी 2021 मध्ये कंपन्या सरकारलाच पैसे द्यायला तयार झाल्या. सगळ्यांची बोली मर्यादेला टेकली आणि विजेता चिठ्ठी टाकून निवडावा लागला. त्यानंतर व्याजदर चढले, पोलाद आणि यंत्रं महागली. 2023 मध्ये ब्रिटनच्या लिलावात समुद्री वाऱ्यासाठी एकही बोली आली नाही, कारण सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा खर्चाहून कमी होती. डेन्मार्कने 3,000 मेगावॉटसाठी मदतीविना काढलेल्या निविदेची मुदत डिसेंबर 2024 मध्ये संपली. तिलाही कोणी आलं नाही, आणि सरकारला पुन्हा आधाराची तरतूद करावी लागली. 2024 मध्ये युरोपीय संघाने वीजबाजाराचे नियम सुधारले. सरकारने वारा, ऊन, भूगर्भातली उष्णता, वाहतं पाणी किंवा अणू यांच्या नव्या विजेला थेट भावाचा आधार द्यायचा असेल, तर जुलै 2027 नंतरच्या करारांत तो दोन्ही बाजूंनी बांधणारा फरकाचा करारच असावा लागेल. बव्हेरियाच्या ओढ्यांपासून निघालेला हमीभाव आता अख्ख्या खंडाचा नियम झाला आहे.

सह्याद्रीच्या पठारावर

या वंशावळीच्या फांद्या आपल्याकडेही आहेत. 1993 मध्ये केंद्र सरकारने पवनविजेसाठी युनिटला सव्वादोन रुपये आणि दर वर्षी पाच टक्के वाढ, असा भाव सुचवला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर 2003 मध्ये साडेतीन रुपये, दर वर्षी 15 पैसे वाढ आणि तेरा वर्षांची मुदत ठरवली. साताऱ्यातल्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर ज्या पवनचक्क्या दिसतात त्यांच्या मागे हा सगळा हिशेब आहे. 2010 नंतर प्रमाणपत्रं आली, 2017 मध्ये वाऱ्याचे देशव्यापी लिलाव सुरू झाले आणि पहिल्याच लिलावात भाव 3 रुपये 46 पैशांवर आला. युरोपने तीन दशकांत जे टप्पे पाहिले ते आपण जेमतेम पाव शतकात पार केले.

एका बाबतीत आपली वाट सुरुवातीपासून निराळी राहिली. आपल्या पवनचक्क्यांना मुख्य बळ मिळालं ते करसवलतीचं: पहिल्याच वर्षी यंत्राच्या घसाऱ्यापोटी 100 टक्के आणि पुढच्या काळात 80 टक्के वजावट. ही वजावट ज्याला मोठा आयकर भरायचा आहे त्याच्याच उपयोगाची. त्यामुळे पठारावरच्या यंत्रांचे मालक शहरांतल्या कंपन्या आणि धनिक झाले. पठाराखालच्या वाडीतला शेतकरी फार तर जमिनीचा मोबदला घेऊन बाजूला झाला. सहकाराचं जाळं साखर कारखान्यांपासून पतपेढ्यांपर्यंत पसरलेल्या महाराष्ट्रात शेजाऱ्यांच्या मालकीची पवनचक्की रुजली नाही, याची मला खंत वाटते. इथे सहकाराची अक्कल कमी नव्हती; योजनेतच त्याच्यासाठी जागा ठेवलेली नव्हती.

पन्नास वर्षांच्या या अनुभवातून मला जे पटलं आहे ते असं. नव्या प्रकल्पाचा भाव दर वर्षी तपासावा, उतरवावा, हवं तर लिलावाने ठरवावा. चालू प्रकल्पाला दिलेल्या भावाला हात लावू नये. खर्च बिलावर छापावा, लपवून ठेवू नये, आणि त्यातून बड्या ग्राहकांना मोकळं सोडू नये. लिलाव लावायचा तर न उभारणाऱ्याला दंड हवा आणि कमाल मर्यादा खऱ्या खर्चाला धरून हवी. लहान प्रकल्पांना लिलावाच्या बाहेर ठेवून साधा हमीभाव द्यावा, म्हणजे गाव, गृहसंस्था आणि शेतकरी यांनाही या धंद्यात उभं राहता येईल. यातली प्रत्येक गोष्ट युरोपातल्या कुठल्या ना कुठल्या देशाने करून पाहिली आहे, आणि जिथे ती सुटली तिथे काय झालं तेही नोंदलेलं आहे. आपल्याकडे सौर पंप, छपरावरच्या पट्ट्या आणि शेतातल्या सौर प्रकल्पांचे करार आज होत आहेत. त्या करारांच्या कलमांवर बोलण्याची वेळ त्यांवर सह्या होण्याआधीची आहे, आणि ते बोलायला वीजतज्ज्ञ असण्याची गरज नाही.